मुर्तझलीची शेवटची कुस्ती

आमचे हे, मुर्तझली, दोनदा सगळ्या सोव्हिएत देशाचे कुस्तीविजेते. लग्न झालं तेव्हा ह्यांची मान कुठे संपते नि खांदा कुठे सुरू होतो तेच मला कळायचं नाही. पुढे बारा वर्षं पोरांना डाव शिकवले, मग जिल्ह्याच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष झाले. टाय आला, शिक्का आला, पोट आलं. आणि गेल्या हिवाळ्यात हृदयाचा झटका आला. तो मात्र कुणाला सांगायचा नाही अशी मला तंबी! ठाऊक फक्त डॉक्टरला आणि मला.

परवा पुतणीच्या लग्नात साइपुलानं, ह्यांच्याच चेल्यानं, भर अंगणात आवाज दिला, "उस्ताद, खुर्चीला चिकटलात की काय? या की, होऊन जाऊ दे एक पकड!"

सगळे खिदळले. मला वाटलं, हसून टाळतील. कसलं काय! हे कोट काढून मोकळे.

"अहो, डॉक्टर काय म्हणालेत?" मी दातओठ खात पुटपुटले.

"गप गं. लोक बघतायत."

ढोल वाजायला लागला. साइपुला पटात शिरला, ह्यांनी त्याला वरून दाबून धरला. म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. पण ह्यांचे ओठ निळे पडत चालले होते, ते मला एकटीलाच दिसत होतं. आमच्या डोंगरात बाईनं झुंजणाऱ्या पुरुषांमध्ये डोक्याचा रुमाल टाकला, की हात आवरावाच लागतो, मग वैर रक्ताचं का असेना. पण हा तर खेळ! अध्यक्ष बायकोआड लपला म्हणून लोक जन्मभर हसतील, आणि हे मला कधी माफ करणार नाहीत. मी स्वतःलाच म्हटलं, ऐशातबाई, विधवा व्हायचंय की नवऱ्याच्या शिव्या खायच्यात? दिला रुमाल भिरकावून.

ढोल थांबला. साइपुलानं रुमाल उचलला, धूळ झटकली, मान खाली घालून माझ्या हातात दिला. "घ्या काकू. सुटली कुस्ती."

हे कोट खांद्यावर टाकून चालू लागले. मी मागोमाग. जर्दाळूच्या झाडांपर्यंत आलो. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी अल्लाचं नाव घेत होते.

हे दगडावर बसले, दम खाल्ला.

"गाठ सुटत नव्हती का गं?"

"कसली गाठ?"

"रुमालाची! तीनदा बघितलं मी तुझ्याकडे. मेलो असतो की, बये!"

हुश्श! मी तिथेच फतकल मारली आणि रडत रडत खो खो हसले.