चार स्क्रू

पडद्यावर चूक उमटली, की नाना चष्मा काढून खिशात ठेवत आणि त्याच खिशातून पेचकस काढत. "वाचणं झालं. आता मझार देखूत," म्हणत ते संगणक बंद करत, झाकण उघडत आणि आतल्या कार्डाला स्वतः बोट लावून बघत. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याकडे नीट बघून ठेवा.

जळगावच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते, हंगामी. मी प्रयोगशाळेचा प्रमुख. लिनक्स ही संगणकप्रणाली तेव्हा नवी होती. एकदा संदेश आला, उपकरण व्यस्त आहे. मी दोन दिवस पुस्तकं चाळली. नानांनी झाकण काढलं, तर कार्ड खाचेत बसलेलंच नव्हतं.

"आमच्या गावच्या तलाठ्यासारखं शे हे," ते हसले. "शेतात न येता पाहणी लिहितं."

मग नवं नेटवर्क कार्ड आलं. नानांनीच ते बसवलं. प्राचार्यांसमोर मी ते कार्ड सुरू करायची, आयएफकॉन्फिगची आज्ञा दिली. पडद्यावर उमटलं : असं उपकरण नाही.

"नाही म्हणजे? गेलं कुठे?" प्राचार्य नानांकडे वळले. "प्रयोगशाळेची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"कार्ड मझारच शे, सर." नानांनी पेचकस काढला.

"तुम्ही हात लावायचा नाही."

नानांनी पेचकस माझ्यापुढे धरला. "मंग तुम्ही उघाडा, सर. चारच स्क्रू शेतस."

माझीही नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. "चौकशी होऊ द्या, नाना," मी म्हणालो. पेचकस घेतला नाही.

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. आठवड्याने मला झाकण उघडायची परवानगी मिळाली. कार्ड जागेवर होतं. शेजारच्या कार्डाचा आणि त्याचा क्रमांक एकच पडला होता, म्हणून लिनक्सला ते सापडत नव्हतं. "चला, सापडलं," प्राचार्य म्हणाले. विषय संपला.

वर्षभराने नाना धुळ्याच्या बसस्थानकावर भेटले.

"नाना, कार्ड सापडलं."

"हारपलं कव्हय व्हतं?" मग म्हणाले, "तेवढं एका कागदवर लिखी द्या, सर. घर दखाडाले व्हई."

घरी दाखवायला दोन ओळी. मी हो म्हणालो. प्राचार्यांच्या सहीशिवाय कसं द्यायचं, या विचारात ते राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा शिंदखेड्याला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवरच्या फोटोत शर्टाच्या खिशातून पेचकसाची मूठ दिसत होती. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, चहा दिला. मी उठलो, तशा त्या दारापर्यंत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"सर, तुम्ही तर तठेच होतात. त्यासनी खरंच काही नेलं नव्हतं ना?"