डाळ काहून शिजत न्हाई

कोरा कागद हाती आला की मी अजून त्याला मधोमध घडी घालते. ही सवय चौथीतल्या गुरुजींची. चौथीनंतर माझी शाळा सुटली, घडी राहिली.

गुरुजींनी सांगितलं होतं, एक प्रश्न धरा, शोध घ्या आणि अहवाल लिहा. मुलांनी बैलांचे, पिकांचे प्रश्न घेतले. मला परक्यांशी बोलवत नसे, म्हणून मी घरातलाच घेतला. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनीच्या हातची तुरीची डाळ काही केल्या शिजत नसे. आई रोज म्हणे, "मायनं काय शिकवून धाडलं? जा माहेरी, शिकून ये." वहिनी चूल फुंकत राही. एक दिवस आई खरंच धाडील, अशी मला भीती होती.

मी पाटीवर लिहिलं, वहिनीला डाळ का शिजवता येत नाही?

गुरुजी म्हणाले, "पोरी, हा प्रश्न न्हाई, हा निकाल झाला. दोष कोणाचा ते आधीच ठरवून बसलीस."

मी पुसून लिहिलं, डाळ का शिजत नाही?

"आता बराबर. कागदाला घडी घाल. इकडं ऐकलेलं लिही, तिकडं सोता पाहिलेलं."

ऐकलेली बाजू लगेच भरली. आई म्हणाली हात वाईट, शेजारची काकू म्हणाली पायगुण. दुसरी बाजू कोरीच. मग मी चुलीपाशी बसून पाहू लागले. डाळ तीच, जळण तेच, पाणी मात्र वेगळं. नव्या सुनेनं वर्षभर पारावरच्या पुरुषांसमोरून जायचं नाही, म्हणून वहिनी घरामागच्या नव्या विहिरीचं पाणी आणी. आई पूर्वी पारापलीकडच्या जुन्या विहिरीचं आणायची. नवं पाणी प्यायला गोड, त्यामुळे कोणाला शंका आली नव्हती.

आई जवळा गावच्या बाजाराला गेली त्या दिवशी मी जुन्या विहिरीची कळशी आणली. सारखीच डाळ, एकाच चुलीवर, आधी एका पाण्यात, मग दुसऱ्यात.

वहिनी म्हणाली, "वन्सं, दोन्ही कच्च्या निघाल्या तर?"

"तर तसंच लिहायचं."

जुन्या विहिरीच्या पाण्यातली डाळ बोटानं चुरली. नव्या पाण्यातली दाताखाली कचकचली.

वर्गात अहवाल वाचताना माझा आवाजच फुटेना. गुरुजी म्हणाले, "राहू दे. ज्यांच्यासाठी लिहिलास त्यांना वाचून दाखव."

घरी मी तोंडासमोर कागद धरून वाचला, शेवटपर्यंत खाली केला नाही. वडील हसले. "पोरगी वहिनीची वकील झाली की."

"मला काय ठाऊक पाण्याचं," आई एवढंच म्हणाली.

सकाळी घागर कमरेवर घेऊन ती स्वतःच पारापलीकडे गेली. भरलेली घागर वहिनीपुढे ठेवत म्हणाली, "घे, टाक डाळ."