तात्यांना वर आणण्याबाबत

किस्से हे शिवणाच्या डब्यातील बटणांसारखे साठतात. ती कोणी मुद्दाम विकत आणलेली नसतात. सदरे विरतात, पोलकी उसवतात, त्यांची पायपुसणी होतात. बटणे मात्र डब्यात राहून जातात. सावेडीत आमच्या वसाहतीच्या सभागृहात दर रविवारी मुलांचा वाचनवर्ग भरतो. त्याचाही डबा गेल्या दोन वर्षांत असाच भरला आणि त्यातील बहुतेक बटणे एकाच सदऱ्याची आहेत. तो सदरा म्हणजे वत्सलाबाईंच्या कादंबरीचा तिसरा भाग.

वत्सलाबाई पुणतांब्याच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि महिन्यातून एका रविवारी सकाळच्या गाडीने आमच्याकडे येतात. ‘डोहाचे दार’ ही त्यांची मुलांसाठी लिहिलेली तीन भागांची अद्भुत कादंबरी. राणू नावाची मुलगी गोदावरीच्या डोहातील दारातून पाण्याखालच्या राज्यात जाते. तिला तेथे नेतो तात्या नावाचा म्हातारा होडीवाला. दुसऱ्या भागाच्या अखेरीस राणूला निसटता यावे म्हणून तात्या ते दार आतून लावून घेतो आणि स्वतः खालीच राहतो. पुस्तक तेथेच संपते. त्यामुळे तिसऱ्या भागात तात्या वर येणार की नाही, याखेरीज दुसरा कोणताही प्रश्न आमच्या मुलांना दोन वर्षे सुचलेला नाही.

\*

वर्ग मी चालवते. मी जुनी मॅट्रिक. अद्भुतकथेपेक्षा मुलांनी भूगोल वाचावा, असे माझे मत होते आणि ते मी वत्सलाबाईंना पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यांनी वाद घातला नाही. तिसऱ्या भागाचे हस्तलिखित तपासण्यासाठी माझ्याच हाती दिले.

पाचव्या प्रकरणात अमावास्या होती आणि त्यानंतर चार दिवसांनी, सातव्या प्रकरणात, पूर्ण चंद्र. मी खूण केली.

त्या हसून म्हणाल्या, “काकू, ते जादूचं राज्य आहे.”

मी म्हटले, “जादूच्या राज्यात जादू असावी. गलथानपणा नसावा.”

पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा त्यांच्याकडे त्या राज्याचे संपूर्ण पंचांग तयार होते. बारा महिने, तिथीवार. शिवाय तेथील दोन सण त्यांनी नव्याने घातले होते, कारण पंचांग करताना मधले दोन महिने त्यांना फार कोरडे वाटले. भूगोलाविषयीचे माझे मत अजून तेच आहे; परंतु त्या दिवसापासून मी ते त्यांना ऐकवणे सोडले.

\*

वत्सलाबाईंची लिहिण्याची एक रीत आहे. प्रत्येक प्रकरण छापण्याआधी त्या मुलांना वाचून दाखवतात. सभागृहाच्या कोपऱ्यात माठ असतो. वाचन चालू असताना ज्याला वाटेल त्याने उठून पाणी प्यावे, परवानगी विचारू नये. कोणी उठले की वत्सलाबाई न थांबता समासात पेन्सिलीने टिंब देतात. जिथे टिंबे जास्त, ते पान घरी जाऊन पुन्हा लिहायचे.

अकराव्या प्रकरणात मगरसेनेशी मोठी लढाई होती. वत्सलाबाईंना तिचा फार अभिमान. त्या दिवशी पुस्तकाचे प्रकाशकही ऐकायला आले होते. भाल्यांचा खणखणाट सुरू झाला आणि एकामागून एक नऊ मुले माठाकडे गेली. दहावे उठले ते प्रकाशक.

वत्सलाबाईंनी त्यांच्या नावाचेही टिंब दिले.

महिन्याभराने त्याच प्रकरणात लढाई नव्हती. राणू मगरींच्या राणीसमोर बसते आणि दोघी एकमेकींना न दुखावता खरे बोलण्याची पैज लावतात, एवढेच होते. बत्तीस मुले बसली होती. एकही हलले नाही. प्रकाशकांना तर ठसका लागला होता, तरी ते उठले नाहीत.

\*

चूक माझ्याही पदरात आहे, ती लपवणार नाही. दुसऱ्या भागात राणू आपली शेळी काष्टीच्या बाजारात विकायला नेते. त्या भागाच्या नव्या आवृत्तीसाठी ते पान मी तपासलेले होते. ती आवृत्ती बाहेर आल्यावर एके रविवारी वाचन चालू असतानाच वत्सलाबाईंना काष्टीहून एका शेतकरी गृहस्थांचा फोन आला. त्यांनी तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

गृहस्थ म्हणाले, “बाई, पान्याखाली दार आसंल. मी न्हाई म्हनत न्हाई. मगरी बोलत आसतील, त्ये बी मान्य. पन तुमी लिवलाय त्या वारी आमच्या काष्टीचा बाजार भरत न्हाई.”

सभागृहातील बत्तीस डोकी माझ्याकडे वळली.

वत्सलाबाईंनी क्षमा मागितली आणि पुढच्या आवृत्तीत वार दुरुस्त करण्याचे वचन दिले. फोन ठेवण्याऐवजी गृहस्थ थोडे घुटमळले.

“आन् बाई, त्यो तात्या... येतो का वर? मी न्हाई इचारत. नात इचारती.”

मागून नातीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “मी कुठं इचारलं?”

\*

प्रकाशक मनाने चांगले, पण उतावीळ. शेवटचे प्रकरण लिहून होण्याआधीच त्यांनी मुखपृष्ठाचे चित्र काढून घेतले. चित्रात तात्या घाटाच्या पायरीवर उभा, चिंब भिजलेला, हसरा, शेजारी राणू.

“लोकांना आनंदी शेवट हवा असतो, ताई,” ते म्हणाले. “तात्यांना वर आणा. मग चौथा भागसुद्धा काढता येईल.”

वत्सलाबाईंनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले. “फार सुरेख काढलंय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकाला नक्की वापरा.”

\*

आमच्या वर्गात ओवी नावाची दहा वर्षांची मुलगी आहे. बोलणे मोजके, हट्ट पक्का. त्या महिन्यात मी मुलांना अर्ज कसा लिहावा हे शिकवत होते. शिकवलेले इतक्या लवकर उपयोगात आल्याचे माझ्या आयुष्यात दुसरे उदाहरण नाही. पुढच्या भेटीत ओवीने वत्सलाबाईंच्या हातात फुलस्केप कागद ठेवला. विषय: तात्यांना वर आणण्याबाबत. खाली बत्तीस सह्या.

अर्जात तीन कारणे होती. एक, तात्या म्हातारे आहेत. दोन, दार लावून घ्यायला त्यांना राणूने सांगितले नव्हते. तीन, आम्हाला ते हवे आहेत.

वत्सलाबाईंनी अर्ज उभ्यानेच वाचला. पेन काढले, कोपऱ्यात ‘मिळाला’ असे लिहून सही केली आणि तारीख घातली.

ओवी म्हणाली, “निर्णय कधी?”

“विचार चालू आहे.”

“असं सगळेच म्हणतात,” ओवी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

\*

खरी अडचण मात्र अर्जाची नव्हती, प्रकाशकांचीही नव्हती. ती मला एकदा रिक्षाची वाट पाहताना वत्सलाबाईंनी सांगितली.

त्यांचे सासरे पुणतांब्याला होडी चालवीत. माणसे, चारा, एखादे करडू, सारे पैलतीराला पोचवीत. काही वर्षांपूर्वी ते वारले. कादंबरीतील तात्या म्हणजे तेच. बोलणेही त्यांचे, खोकणेही त्यांचे. सासूबाई हौसाबाई यांना (वत्सलाबाई त्यांना आत्याबाई म्हणतात) वाचता येत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकरण आमच्या मुलांच्याही आधी त्यांना वाचून दाखवले जाते. पहिला भाग ऐकताना त्या मधूनच सांगत, “आसंच म्हनायचे.” दुसऱ्या भागाचा शेवट ऐकल्यावर मात्र ते थांबले. त्यानंतर रोज संध्याकाळी भाजी निवडायला बसल्या की एकच प्रश्न.

“वच्छे, त्यो वर येतो का न्हाई, तेवढं सांग.”

वत्सलाबाई म्हणाल्या, “तात्या वर येत नाही, काकू. पहिल्या भागापासून मला ते ठाऊक आहे. त्याला वर आणलं तर दोन्ही पुस्तकं खोटी पडतील. मुलांना मी नाही म्हणू शकते, प्रकाशकांना म्हणू शकते. आत्याबाईंना कोणत्या तोंडाने सांगू?”

म्हणून पाच महिने ते प्रकरण लिहून, घडी घालून, त्यांच्या पिशवीत पडून होते. घरी वाचले नव्हते, येथेही नाही. रिक्षा आली आणि त्या गेल्या.

\*

त्यानंतरच्या रविवारी वत्सलाबाई एकट्या आल्या नाहीत. हौसाबाई बरोबर होत्या. हिरवे नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी. “पोरांसंगट ऐकते,” एवढेच म्हणाल्या आणि मी दिलेली खुर्ची बाजूला सारून मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या.

वत्सलाबाईंनी घडी उलगडली. राणू पुन्हा डोहात उतरते. दार ठोठावते. दार बोटभर उघडते आणि आतून तात्या विचारतो, “नदीला पानी हाय का?” ती सांगते, आहे. “होडी कोन चालवतं?” ती सांगते, मी. तात्या फटीतून तिच्या तळहातांवरचे घट्टे बघतो. मग म्हणतो, “मंग माझं काम झालं. ह्ये दार आतनंच धरावं लागतं, पोरी. तू जा.” दार लागते. राणू वर येते, होडी सोडते, काठावर ताटकळणारी माणसे तीत बसतात. समाप्त.

कोणी हलले नाही.

“म्हणजे तात्या येत नाहीत,” ओवी म्हणाली.

“नाही येत,” वत्सलाबाई म्हणाल्या. सासूबाईंकडे त्या पाहत नव्हत्या.

हौसाबाईंनी पदर सारखा केला. “मला ठावं हुतं.”

“मग रोज का विचारत होता, आत्याबाई?”

“तू कवा सांगती, त्ये बघत हुते.”

वत्सलाबाई पानांच्या कडा जुळवू लागल्या. मुले एकदा या दोघींकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. हौसाबाईच पुन्हा बोलल्या, सहज, भाजीचा भाव सांगावा तशा.

“ब्येस लिवलंस. त्यो आसाच बोलला आसता. पन पान्याखाली गारठा लई आसंल. त्याची घोंगडी घरीच ऱ्हायली.”

ओवी उठून वत्सलाबाईंच्या टेबलापाशी गेली.

“बाई, राणूला अजून एकदाच खाली पाठवता येईल? तात्यांना वर नका आणू. ती फक्त घोंगडी देईल आणि परत येईल.”

वत्सलाबाईंनी शेवटचे पान उलटे केले. मागची बाजू कोरी होती. पेनचे टोपण काढून त्या सासूबाईंकडे वळल्या.

“कुठली देऊ, आत्याबाई? राणूनं बाजारातून चांगली नवी घेतली, असं लिहू का?”

“जुनीच दे,” हौसाबाई म्हणाल्या. “नवी त्याला टोचती.”