पाठकांच्या माठातलं हाडूक

पाठक माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. हातात चिमटा आणि चिमट्यात हाडूक.

"माझ्या पाण्याच्या माठात निघालं," ते म्हणाले. "काम शिंद्याचं. दुसरा कोण?"

लढाईचे दिवस होते. भिंगारच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये मी फोरमन होतो. पाठक आमचे स्टोअर क्लार्क, कांदासुद्धा न खाणारे. शिंदे टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवून त्याला घाट देणारा. सुट्टीत शिंद्याने डबा उघडला की पाठक नाकाला उपरणं लावून विचारायचे, "आज कोणाचा बळी?" शिंदे म्हणायचा, "भाऊसाहेब, तुमची भेंडी बी काल जित्तीच हुती की." सगळे हसायचे, मीही. पण दोघांचं एकमेकांवर बारीक लक्ष असे. पाठकांचा माठ वेगळा, स्टोअरमागे लिंबाखालच्या कट्ट्यावर. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

प्रकरण वर्कशॉपच्या साहेबापर्यंत गेलं. साहेब गोरा आणि तापट. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाण्यावरून माझ्या वर्कशॉपमध्ये दंगा नको. संध्याकाळपर्यंत नाव दे. तो माणूस उद्या गेटच्या आत दिसता कामा नये."

लष्करातून असा काढलेला माणूस त्या काळात नगरात कोणी दारात उभा करत नसे. शिंद्याच्या घरी कमावणारा तो एकटाच. खरं सांगायचं तर संशय मलाही त्याचाच होता. मी त्याला बोलावलं.

"खरं सांग, शिंदे."

"म्या न्हाई, साहेब. आज सोमवार, त्यात सरावन. महिनाभर आमच्या घरात अंडं बी येत न्हाई. मस्करीत तरी हाडकाला हात लावीन व्हय?"

पाठक तिथेच होते. "श्रावण? तुम्ही पाळता?"

"इतकी वर्सं शेजारी जेवताय. कधी इचारलंत?"

पाठकांनी मान झटकली. "सोंग आहे. मेसच्या उकिरड्यावरून उचललं असेल. आणि फोरमनसाहेब, तुम्हीही मटण खाणारे. तुम्ही याचीच बाजू घेणार."

माझं डोकं सणकलं. मी चिमटा हिसकावून घेतला आणि हाडूक खिडकीच्या उजेडात धरलं. एक टोक सपाट होतं आणि त्यावर बारीक समांतर रेघा. अशा रेघा मी रोज लोखंडावर बघायचो. करवतीचे दात जिथून जातात तिथे त्या उमटतात. आमच्या बाजारातला खाटीक सत्तूर मारून हाड तोडतो, त्याची टोकं फुटतात. करवतीने कापायची पद्धत फक्त साहेबलोकांच्या मेसमध्ये. तिथे तारेचं कुंपण, बंदूकवाला पहारा. उकिरडा तर दूरच, शिंद्याला त्या बाजूला फिरकूही दिलं नसतं.

मग आणलं कोणी? आम्ही तिघे लिंबाखाली गेलो. कट्ट्यावर पांढऱ्या विष्ठेचे ठिपके होते आणि गवतात आणखी दोन हाडकं. मी वर पाहिलं. फांदीवर घार बसली होती. पायाखाली काहीतरी दाबून फाडत होती.

मी माठाकडे वळलो. "पाठक, झाकण कुठंय?"

पाठकांनी पलीकडच्या भिंतीकडे बोट केलं. झाकण तिथे उन्हात वाळत होतं. "सकाळी हा माठापाशी वाकलेला दिसला," ते हळू आवाजात म्हणाले. "झाकणाला हात लावला असेल म्हणून राखेने घासलं आणि उन्हात ठेवलं."

"वहाणेचा अंगठा तुटला हुता," शिंदे म्हणाला. "त्यो बांधाया वाकलो."

संध्याकाळी मी साहेबाला घारीचं नाव दिलं. मी माझ्या माणसाला वाचवतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो स्वतः झाडाखाली आला, बराच वेळ वर बघत राहिला आणि निघून गेला. शिंदे राहिला.

पाठकांनी नवा माठ आणला आणि स्टोअरच्या आत ठेवला. माफी काही मागितली नाही. श्रावण संपल्यावर शिंद्याने डबा उघडला तेव्हा उपरणं नेहमीसारखं नाकाला लागलं, पण बळीची चौकशी झाली नाही.

पुढे फोरमनकीत भांडणं पुष्कळ आली. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी चोराचं नाव नंतर विचारायचो, झाकण कुठं होतं ते आधी.