नऊ कोटांचं दुकान

"आपल्या घरचंच दुकान समजा" असं कुणी म्हटलं, की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. अमरावतीत साड्यांच्या ज्या दुकानात मी सात वर्षं उभी राहिले, तिथला मालक हे वाक्य गिऱ्हाइकालाही म्हणायचा आणि आम्हालाही. गिऱ्हाईक हसून गादीवर टेकायचं. आम्ही उभ्याच. घरच्या माणसाला कुठं बसायला लागतं?

माझं काम साडी नेसवून दाखवायचं. वरूड-शेंदूरजनाघाटाकडची मंडळी बगीच्यातली संत्री विकली की लग्नाचा बस्ता बांधायला जीप भरून येत. नवरी एक आणि तिच्यासोबत पसंती करणारे पंधरा. ड्रेसवरूनच तिला साडी गुंडाळायची, निऱ्या घालायच्या, पदर काढायचा, आरशापुढे उभी करायची. मामी नाक मुरडणार. सोडा. दुसरी नेसवा. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेत जात नसत. साडीवरून आम्हा सगळ्यांना आमसुली रंगाचा कोट. तो अंगावर असला की आपण दुकानाचे.

सकाळी दहाला आत शिरायचं आणि रात्री नऊपर्यंत बाहेर पडायचं नाव नाही. लग्नसराईत त्याहून उशीर. ओव्हरटाइम हा शब्द तिथं कुणी उच्चारला नाही. मालक म्हणायचा, "थांबा जरा." मग खायला गिलावड्याचा पुडा यायचा. पुडा आला की समजायचं, आज माझी पोरगी झोपल्यावरच घरी. जास्तीच्या तासांचं मोल तेवढंच.

मला त्या दुकानात लावलं ते आमच्या गल्लीतल्या वहिनीनं. दोन घरं सोडून राहते. नात्याची नाही, पण तिच्या नवऱ्याला मी भाऊ म्हणते म्हणून ती वहिनी. माझ्याआधी तीन वर्षं ती तिथं होती. निऱ्या चिमटीत कशा धरायच्या, सावळ्या नवरीपुढे कोणता रंग आधी उलगडायचा, नवरीची आई आणि होणारी सासू भांडायला लागल्या तर कुणाकडे पाहून हसायचं, सगळं तिनं शिकवलं. माझ्या पोरीला गोवर निघाला तेव्हा माझं गिऱ्हाईक तिनं सांभाळलं आणि मला मागच्या दारानं घरी पिटाळलं. सख्खी बहीण आणखी काय करते! म्हणून तर जीव जळतो.

तिचा भाऊ अकोल्याला दालमिलमध्ये आहे. भाऊबीजेला आला होता, आमचं रडगाणं ऐकून हसायलाच लागला. "नऊ तासाच्या वर थांबवलं तर दुप्पट पैसे द्या लागते. तुमी काहून फुकटात मरून राहिल्या?"

वहिनीच्या डोक्यात तिथून किडा शिरला. मी भित्री. माझं म्हणणं, आहे ते बरं आहे. पण ती काही सोडेना. "अर्ज करू वो आपण. किती दिवस गिलावड्यावर राबाचं?" शेवटी सुट्टीच्या दिवशी दोघी कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. दुकानातल्या कामगाराला सरकारनं किमान पगार ठरवून दिलेला असतो, आमचा त्याच्या खाली होता. आणि दुकानात दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली, की नऊ तासांची मर्यादा, वरच्या तासांना दुप्पट, ओळखपत्र, सगळं मालकाला लागू.

"किती जण आहात?" त्यानं विचारलं.

"एकोणीस," वहिनी माझ्याआधी बोलली.

अर्ज मात्र मला लिहायला लावला. "तुह्यं अक्षर मोत्यावानी. नाव बी तुह्यंच राहू दे. दोघींची नावं पाहिली तर त्याले वाटन, बायांनी युनियन काढली. मी साक्षीले आहोच ना!" मी सही ठोकली. होळीच्या आधीची गोष्ट ही. मग पाडवा आला, दुकानात गुढी उभी राहिली, मालकानं सगळ्यांना साखरेच्या गाठ्या वाटल्या आणि अर्जाचं काही होत नाही असं धरून आम्ही कामाला लागलो.

पाडव्यानंतर महिनाभरानं, ऐन लग्नसराईत, दुपारी मालकाला कुणाचा तरी फोन आला. वरच्या मजल्यावरून तो धावतच खाली उतरला. "लेबरचे साहेब येऊन राहिले. नावं घेतो, तेवढ्यांनी कोट ठेवा. बाकीच्यांनी काढा." नऊ नावं घेतली. वहिनीचं होतं, माझं नव्हतं. गठ्ठे उचलणारी माणसं गोदामात गेली. उरलेल्या आम्हा बायांना म्हणाला, "गादीवर बसा. साड्या पाहा. आपल्या घरचंच दुकान समजा."

आता काय म्हणावं! एकोणीस माणसांचं दुकान पाच मिनिटांत नऊचं झालं.

मी कोट काढला नाही. सरळ उभी राहिले. तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काढ वो कोट. आता तमाशा नोको करू. साहेब आले का मी सांगते ना." तिनं सांगितलं म्हणून काढला. दुसऱ्या कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

सात वर्षांत पहिल्यांदा त्या गादीवर बसले. काचेच्या ग्लासात थंड पाणी आलं, चहा आला. वहिनीनं माझ्यापुढे साडी उलगडली. सकाळी मीच घडी घातलेली. माझ्या शेजारी बसवलेली आमच्यातलीच एक तर नाटकात इतकी रंगली, की "याच्यात हिरवा नाही का?" म्हणून विचारायला लागली. त्या साडीत हिरवा येत नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला भीतीतही हसू येत होतं.

साहेब तरुण होते. आल्या आल्या कोट मोजले. खिशातून कागद काढला आणि माझं नाव वाचलं. "या कोण?"

"या नावाचं इथं कोणी नाई साहेब," मालक म्हणाला.

मी उठले. "मी आहे. मी इथं काम करते."

मालकानं माझ्यापुढे हात जोडले, अगदी गोड हसून. "ताई, साडी पसंत नाई पडली तर दुकानावर काहून राग काढता?"

साहेबांना काय कळणार? त्यांनी समोर उभ्या असलेल्या वहिनीला विचारलं, "या बाई इथं काम करतात?"

तिच्या हातात उलगडलेल्या साडीचा पदर होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती पदराच्या बुट्ट्यांकडे पाहत होती.

"गिऱ्हाईक आहेत साहेब. नेहमी येतात."

मी काही तरी ओरडले असेन, आता आठवत नाही. आजूबाजूच्या सगळ्या बाया माना खाली घालून साड्या पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर मालक स्वतः दारात. "या ताई, काय दाखवू?" एवढंच बोलला. मला कामावरून काढलंसुद्धा नाही त्यानं. जी बाई कामावर नव्हतीच, तिला काढणार कुठून? आता तो दहाचा आकडाही वाढवून वीस केला म्हणतात. म्हणजे तसल्या दुकानाला कोट काढायचीही तसदी राहिली नाही.

साहेब येऊन गेले त्या रात्री, दुकान सुटल्यावर, वहिनी माझ्याकडे आली. ओट्यावर बसून रडली. "तो मांगं उभा होता वो, मी काय करू? तुले साहेब बोलावतीनच ऑफिसात. तथी मालक नसन. तथी सांगते सगळं, लेकराची आण." मी तिला पाणी दिलं. वर समजूतही मीच घातली. मला वाटलं, पोटासाठी घाबरली बिचारी.

साहेबांनी खरंच बोलावलं. पुरावा काय, म्हणाले. माझ्याकडे काय होतं? पगार पाकिटात हातोहात. सही नाही, पावती नाही. मोबाईल सकाळीच काउंटरवरच्या डब्यात जमा व्हायचे, त्यामुळे फोटो नाही. मी म्हटलं, "साहेब, अर्ध्या अमरावतीच्या नवऱ्या मी आरशापुढे उभ्या केल्यात." ते म्हणाले, "त्यातली एखादी आणा." कुठून आणू? त्या पोरींनी मला पाहिलंच नव्हतं, त्या आरशात पाहत होत्या. मी साक्षीला एकच नाव दिलं, वहिनीचं. ती बोलली तर मी कामगार, नाहीतर दुकानात फिरायला जाणारी बाई.

साक्षीच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. ती माझ्या आधीच आली होती, अंगावर नवीकोरी साडी. मी घाईत आले होते. "काय वो हे ध्यान," म्हणत तिनं मला उभं केलं, माझ्या सुटलेल्या निऱ्या पुन्हा चापूनचोपून घातल्या, बांगडीत अडकवलेली पिन काढून खांद्याला लावली. तिचा हात तोच, मला शिकवणारा. माझं सगळं मन निवळलं. म्हटलं, झालं, आज सुटका.

आत साहेबांनी तिला विचारलं, किती वर्षांपासून काम करता?

"दहा वर्षं. पाडव्यापासून पक्की आहो." पदराआडून तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून दाखवलं. "नऊ तास ड्यूटी. सातले सुटते. पगार बँकेत येते."

"या बाईंना ओळखता?"

"आमच्या गल्लीत राहतात. दुकानात येतात, साड्या पाहून जातात."

मालक तिथं नव्हता. तिच्या मागं कुणीच उभं नव्हतं. पण मला दुसऱ्या वाक्यापेक्षा पहिलंच जास्त लागलं. पाडव्यापासून! साहेब दुकानात आले ते पाडव्यानंतर महिन्यानं. म्हणजे "काढ वो कोट, मी सांगते ना" म्हणाली तेव्हा सौदा होऊन महिना उलटला होता; गळ्यात कार्ड आणि सातला सुट्टी मात्र मी दुकानातून गेल्यावर. मालकाला माझं नाव कुणी सांगितलं, तेही आत्ता कळलं. ओट्यावरचं रडणं, लेकराची आण, सगळं ढोंग. अर्जाच्या भीतीनं मालक एक पाऊल मागं आला होता, आणि त्या रिकाम्या जागेत ही जाऊन उभी राहिली.

पायऱ्यांवर मी तिला गाठलं. हात धरला. "काहून वो वयनी? मी काय वाईट केलं होतं तुह्यं?"

ती ओशाळली नाही, याचाच मला राग आहे. मला समजावल्यासारखं म्हणाली, "एकीलेच पक्कं करतो म्हणे तो. मी तुह्या आंधी गेली."

मी तिचा हात सोडला आणि ऑटोही न करता चालत घरी आले.

पुढे कार्यालयातून कागद आला. अर्जदार सदर दुकानात कामगार असल्याचे सिद्ध होत नाही, सबब अर्ज निकाली. आता मी घरीच फॉल-पिको करते. उन्हाळ्यात सात वाजता आमच्या गल्लीत चांगला उजेड असतो. त्या उजेडात वहिनी भाजीची पिशवी घेऊन घरी येते, गळ्यात कार्ड. तिची पोरं दारातच तिला बिलगतात. मी मशीनवरून मान वर करत नाही. पण ती कधी आली ते मला कळतं, कारण ती अगदी वेळेवर येते, मी माझ्या अक्षरात लिहून मागितलेल्या वेळेवर.