नव्या शॉर्ट्स आणि आमची सुनंदा

आमच्या बास्केटबॉल टीमला शॉर्ट्स मिळाल्या, त्या दिवशी मी ग्राउंडपासून लिंबायतच्या घरापर्यंत जवळजवळ पळतच आले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट... सुरतेत मुलींची टीम म्हणजे लोक थांबून बघायचे.

सुरुवातीला आमचा ड्रेस म्हणजे शाळेचीच पांढरी सलवार-कमीज. ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि पाठीवर नंबराचं कापड पिनांनी टोचायचं. रिबाउंडला उडी मारली की पिन हमखास टोचायची...

मग बमरोलीच्या एका मिलमधून निळं कापड मिळालं. आमच्या कोच दक्षाबेननी ओळखीच्या टेलरकडून ट्रॅकपँट आणि टी-शर्ट शिवून घेतले. नंबर ऑइलपेंटने रंगवलेले. घाम आला की ते पाठीला चिकटायचे, पण आम्ही स्वतःला फार भारी समजायचो.

आणि मग एका साडीवाल्या शेठनी खरीखुरी जर्सी दिली... पिवळी, चकचकीत, खाली शॉर्ट्स. बडोद्याच्या टूर्नामेंटला हेच घालायचं ठरलं.

घरी अर्थातच भांडण झालं. माझे वडील, अण्णा, लूमवर कामाला. धुळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलायचे. "चड्डी घालीसन खेयशी का आते?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. मीही हट्टी... जेवण सोडलं, बोलणं सोडलं. शेवटी एका सकाळी कामावर निघताना म्हणाले, "जाय, घाल." मी जग जिंकलं होतं!

पण त्याच आठवड्यात सुनंदा प्रॅक्टिसला यायची बंद झाली.

सुनंदा आमच्यात सगळ्यात उंच. बोर्डखाली ती उभी राहिली की समोरच्या टीमच्या मुली आधीच हात वर करून मोकळ्या व्हायच्या. तिच्याशिवाय बडोद्याला जाणं म्हणजे नुसती सहल झाली असती.

मी तिच्या घरी गेले. ती आईबरोबर साडीला टिकल्या लावत बसली होती. म्हणाली, "घरचे नाही म्हणतात शॉर्ट्सला." मला वाटलं, हे तर मला जमतं... मी थेट तिच्या वडिलांपुढे जाऊन अण्णांचं उदाहरण द्यायला लागले.

ते गोंधळलेच. "आम्ही कुठं नाही म्हटलं, बेटा?"

सुनंदा मला हाताला धरून बाहेर घेऊन आली. मग म्हणाली, "लहानपणी स्टोव्हचा भडका उडाला होता. दोन्ही पाय... गुडघ्याच्या खाली. मी कोणाला दाखवत नाही. तू कोणाला सांगू नको."

मी नाही सांगणार म्हटलं. पण घरी जाताना डोक्यात एकच... टूर्नामेंटचा नियम होता, सगळ्यांचा ड्रेस सारखा पाहिजे. एक तर सगळ्या शॉर्ट्समध्ये, नाही तर सगळ्या ट्रॅकपँटमध्ये.

दुसऱ्या दिवशी मी दक्षाबेनना सांगितलं, "आमचे अण्णा शॉर्ट्सला नाही म्हणतात. मला येता येणार नाही."

आम्ही मुली मोजक्याच होतो, मला सोडून चालणार नव्हतं. दक्षाबेननी कपाळाला हात लावला. "ठीक छे. जर्सी नवी, नीचे पुरानी ट्रॅकपँट. सब के सब." सुनंदाला नुसता ट्रॅकपँटचा निरोप गेला आणि ती संध्याकाळी हजर! माझ्याकडे बघून नुसती हसली. तिला वाटलं, नशिबानेच सुटले...

बाकीच्या मात्र, शॉर्ट्स माझ्यामुळे गेल्या म्हणून, माझ्याशी बोलेनात. बडोद्याच्या गाडीत माझ्या शेजारी फक्त सुनंदा.

मॅचच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत ते सगळं बाहेर आलं. समोरची टीम कडक पांढऱ्या शॉर्ट्समध्ये वॉर्मअप करत होती आणि आम्ही पिवळ्या जर्सीखाली विटक्या निळ्या पँट्स घालून बसलेलो. आमची कॅप्टन गीता भडकली. "इसके बाप की वजह से हम सब जोकर लग रहे हैं!"

अण्णांचं नाव ऐकून मला रडूच आलं. बिचाऱ्यांनी परवानगी दिलेली... पण तोंड उघडता येईना.

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. अण्णांनी हो म्हटलेलं तिला माहीत होतं; तिला आत्ता कळलं होतं सगळं. ती उठली, बाकावर पाय ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. मग दुसरा पाय...

"इसके बाप की वजह से नहीं," ती म्हणाली. "मेरी वजह से."

मीही पहिल्यांदाच पाहत होते. मग गीता पुढे आली, खाली बसली आणि सुनंदाची पँट हळूच खाली सरळ करून दिली. उठून म्हणाली, "चलो, मॅच है." दारातून बाहेर पडताना तिने माझा हात जो धरला, तो कोर्टापर्यंत सोडला नाही.

आम्ही हरलो. पण सुनंदा त्या दिवशी जे खेळली... पांढऱ्या शॉर्ट्सवाल्यांच्या कोचनी मॅचनंतर मुद्दाम येऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी डोळे मोठे केले, "मन्हं नाव कसाले खराब करं व माय?" आणि मग तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसत बसले.

पुढच्या सीझनला शेठनी दक्षाबेनना विचारलं, दिलेल्या शॉर्ट्स कोणी घालत का नाही? दक्षाबेन आमच्याकडे बघून म्हणाल्या, "छोकरियों को लंबी ही पसंद है."

आणि खरं सांगते... तोपर्यंत आम्हाला ती लांब पँट खरंच पसंत पडायला लागली होती.