फुएनसान्ताची चिठ्ठी

स्पेनमधल्या कोर्दोबात, आता चर्च झालेल्या जुन्या मशिदीमागच्या आमच्या गल्लीत फुएनसान्ता चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची. समोर माझी पावाची भट्टी. तिच्या अंगणाच्या भिंती कुंड्यांनी पार झाकलेल्या. उंचावरच्या कुंड्यांना ती लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी घालायची.

बॅग घेऊन कुणी दारात आलं की आधी खोली दाखवायची नाही, आधी तीन प्रश्न. झोप कशी आहे? गुडघे कसे आहेत? गाडी आणलीय का? चर्चच्या घंटेने जाग येणाऱ्याला ती नदीपलीकडे पाठवायची, गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून गाडीवाल्याला स्टेशनकडे, गुडघेवाल्याला लिफ्टच्या हॉटेलात. सोबत चिठ्ठी द्यायची: माणूस कसा आहे, खोली कशी द्यावी, मुक्काम किती रात्री, खाली सही. गावातले खोलीवाले त्या चिठ्ठीला मान द्यायचे.

मी म्हणायचो, "आलेलं गिऱ्हाईक घालवतेस. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस तुला."

"तू आपला पाव बघ, करपतोय," ती म्हणायची. बहुतेक वेळा खरंच करपत असायचा.

सत्तरी उलटल्यावर ती जिन्यावरून पडली. हाड जुळलं, पण गुडघे गेले ते गेलेच. झोपायच्या सगळ्या खोल्या वर, खाली नुसतं अंगण आणि स्वयंपाकघर. मुलगी आरासेली नव्या वस्तीत राहते. ती म्हणाली, "आई, माझ्याकडे चल. लिफ्ट आहे."

"मी इथून हलायची नाही."

तीन महिने ती खाली उतरली नाही. कुंड्यांना पाणी मी घालायचो. अर्धं माझ्याच डोक्यावर पडायचं आणि ती वरच्या खिडकीतून चुका काढायची. जेवणाचं ताटही मीच वर न्यायचो. एके दिवशी वैतागलो. ताट ठेवलं आणि विचारलं, "झोप कशी आहे?"

"बरी आहे."

"गुडघे कसे आहेत?"

तिने गुडघ्यांवरची चादर सारखी केली.

"गाडी आणलीय का?"

"मेल्या, माझेच प्रश्न मला विचारतोस?" ती म्हणाली. मग तिने अंगणाकडे तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं, माझाच राग आला. मी निघताना तिने टेबलावरचा कागद मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आरासेलीला बोलावलं आणि चिठ्ठी हातात दिली. आरासेलीने मोठ्याने वाचली. 'पाहुणी चिडकी आहे. लवकर उठते. उन्हाकडची खिडकी द्यावी. सोबत एक कुंडी आहे.' खाली नेहमीची सही.

आरासेलीने कागद उलटसुलट करून पाहिला. "आई, किती रात्री ते लिहिलंच नाहीस."

"माहीत असतं तर लिहिलं असतं," फुएनसान्ता म्हणाली आणि जिना उतरायला माझा खांदा धरला.